चार महिन्यांचे भाडेकरू आणि दोन कुत्री

"मॅडम, नॉनव्हेज चलेगा, अकेली लेडीज भी चलेगी, पर डॉग... और वो भी दो?" एवढे बोलून घरांचा दलाल फोनवर थांबला. त्याने घेतलेला लांब श्वास मला भोपाळमध्ये स्पष्ट ऐकू आला. तो सप्टेंबरचा मध्य होता. एका पुस्तकाच्या कामासाठी मला जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागारातील कागदपत्रे पाहायची होती आणि त्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चार महिने दिल्लीत राहणे भाग होते. भोपाळच्या घरी मागे कोणी नव्हते. त्यामुळे बादल आणि इमली यांना बरोबर नेण्यावाचून गत्यंतर नव्हते. बादल अकरा वर्षांचा लॅब्रॅडॉर. मागचे पाय आता त्याला फारशी साथ देत नाहीत. इमली चार वर्षांची, गावठी, तांबूस रंगाची. रस्त्यावरून घरात आलेली असल्यामुळे तिच्या डाव्या कानाला खाच आहे. नसबंदी झालेल्या कुत्र्याची ती खूण. तिच्या गळ्यातला पट्टा सुटला, तर दिल्लीच्या रस्त्यावर ती कोणाची तरी आहे हे ओळखण्यास काहीही साधन उरत नाही. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात जे घडले होते, त्यानंतर ही बाब मला क्षुल्लक वाटत नव्हती.

प्रवासाचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. रेल्वेने कुत्रा डब्यातून न्यायचा, तर पहिल्या वर्गाचा दोन किंवा चार जणांचा संपूर्ण कक्ष आपल्या नावे हवा आणि तो मिळाला की नाही हे आरक्षणाचा तक्ता लागेपर्यंत कळत नाही. एरवी गार्डच्या डब्यातील लोखंडी पेटी. अकरा वर्षांच्या बादलला त्या पेटीत रात्रभर कोंडण्याची कल्पनाही सहन होईना. आम्ही मोटारीने निघायचे आणि वाटेत ग्वाल्हेरला मुक्काम करायचा, असे ठरवले. दिवाळीचे फटाके संपल्यावरच दिल्लीत शिरायचे हेही ठरले. राहिला तो प्रश्न एवढाच, की दिल्लीत म्हणजे नेमके कोठे?

तात्पुरत्या मुक्कामासाठी मोहल्ला निवडताना माणसे भाडे पाहतात, मेट्रोचे अंतर पाहतात, पाणी किती वाजता येते हे विचारतात. मीही आजवर तेवढेच विचारत आले होते. या वेळी मात्र माझी यादी निराळी झाली. घर तळमजल्यावर किंवा चालणाऱ्या लिफ्टचे हवे. सकाळी पाच मिनिटांच्या अंतरावर माती आणि गवत हवे. गल्लीतील कुत्र्यांची संख्या आणि स्वभाव माहीत हवा. आणि मुख्य म्हणजे, त्या गल्लीत निर्णय कोण घेते, हे आधी कळायला हवे. यातील शेवटच्या प्रश्नाने मला शहरी कारभाराविषयी जेवढे शिकवले, तेवढे स्थानिक स्वराज्य संस्थांवरील चर्चासत्रांनीही शिकवले नव्हते.

राजधानी परिसर मेट्रोच्या नकाशावर एकसंध दिसतो. कुत्रा बरोबर असला की तो तुकड्यातुकड्यांचा होतो. दिल्ली महापालिकेच्या हद्दीत 1957 च्या कायद्यातील कलम 399 नुसार कुत्र्याची नोंदणी सक्तीची आहे. यमुना ओलांडून नोएडात गेले, की तिथल्या प्राधिकरणाची वेगळी नोंदणी. शिवाय पाळीव प्राण्याने कोणाला इजा केल्यास 1 मार्च 2023 पासून मालकाला दहा हजार रुपये दंड आणि जखमीच्या उपचारांचा खर्च. शेजारच्या गाझियाबाद महापालिकेने ऑक्टोबर 2022 मध्ये पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या जाती पाळण्यास मनाई केली आणि त्याच बैठकीत एका कुटुंबाला एकच कुत्रा, असेही ठरवले. म्हणजे दिल्लीतून मेट्रोने अर्ध्या तासात जिथे पोहोचता येते, तिथे माझ्या घरातील दोघांपैकी एक नियमबाह्य ठरला असता. यापैकी कोणत्याही नोंदणीला दुसऱ्या ठिकाणी अर्थ नाही. भोपाळचे कागद दिल्लीत चालत नाहीत आणि दिल्लीचे नोएडात. माणसाच्या शिधापत्रिकेला देशभर चालण्यासाठी किती वर्षे लागली हे आठवले, तर यात नवल नाही.

नोएडाबाबत आणखी एक गोष्ट मनात राहिली. तेथे दंड ठरवणारे प्राधिकरण हे निवडून आलेले नाही. राज्यघटनेच्या 243 क्यू कलमात औद्योगिक नगरींसाठी जी सवलत ठेवली आहे, तिच्या आधारे हे लाखो वस्तीचे शहर नगरसेवकांवाचून चालते. दंड योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. माझे म्हणणे इतकेच, की तो अयोग्य वाटला तर नागरिकाने कोणाचे दार ठोठवावे? मी सीमेच्या अलीकडेच घर शोधायचे ठरवले, त्यामागे भाड्याइतकेच हेही कारण होते.

अलीकडे मात्र निवडून आलेली महापालिका असूनही गल्लीचा कारभार तिच्या हाती असतोच असे नाही. दिल्लीच्या वसाहतींत खरी सत्ता आरडब्ल्यूएची, म्हणजे रहिवासी कल्याण संघटनेची असते. रात्री फाटक किती वाजता बंद होणार, उद्यानात कोण बसणार, मोलकरणीने कोणत्या दाराने यायचे, हे सारे ती ठरवते. सोसायट्यांच्या नोंदणी कायद्याखाली नोंदलेली ही खासगी संस्था. पण तिच्या पाट्यांचा सूर राजाज्ञेचा असतो. पूर्वेकडील एका गृहनिर्माण सोसायटीच्या लिफ्टमध्ये मी वाचले: 'कुत्ते और घरेलू सहायक सर्विस लिफ्ट का प्रयोग करें।' एकाच वाक्यात, एकाच क्रियापदाने.

माझ्या पिशवीत कायद्याचे कागद होते, हे मान्य करायला हवे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 26 फेब्रुवारी 2015 रोजी काढलेली मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. कोणतीही निवासी संघटना, बहुमताने ठराव करूनही, पाळीव कुत्र्यांवर बंदी घालू शकत नाही. कुत्र्याचा आकार किंवा भुंकणे हे बंदीचे कारण होऊ शकत नाही. उद्यानाच्या वेळा ठरवता येतात, उद्यान कायमचे बंद करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये याहून एक पाऊल पुढे जाऊन, सदनिकांच्या संकुलांत प्राणी पाळण्यास सरसकट मनाई करणारे उपनियम बेकायदा ठरवले. घटनेच्या 51 ए (जी) कलमातील प्राणिमात्रांविषयी करुणेचे मूलभूत कर्तव्य यामागे आहे.

हे सारे मी एका सोसायटीच्या सचिवांना, शक्य तितक्या नम्रपणे, ऐकवले. निवृत्त अधिकारी असावेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा मागवला आणि म्हणाले, "बहनजी, यह सर्कुलर हमने भी पढ़ा है। ओनर कुत्ता रखे तो हम क्या कर सकते हैं? आप तो किराएदार हैं। हम आपको नहीं रोक रहे, आपके मकान मालिक से बात करेंगे।" मालकाशी त्यांचे बोलणे झाले असावे. त्याच संध्याकाळी दलालाचा निरोप आला, की ती सदनिका आता मालकाच्या पुतण्याला हवी आहे.

कायदा नेमका येथे थांबतो. संघटनेला रोखणारी तत्त्वे आहेत. घरमालकाने दार न उघडणे मात्र त्याची मर्जी. दिल्लीचा 1958 चा भाडेनियंत्रण कायदा महिना साडेतीन हजार रुपयांपेक्षा अधिक भाड्याच्या जागांना लागूच होत नाही, म्हणजे माझ्यासारख्या कोणालाही नाही. केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित करण्याची त्यातील तरतूद चांगली आहे. प्रत्यक्षात बाजार चालतो तो अकरा महिन्यांच्या करारावर, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीचा करार 1908 च्या कायद्यानुसार नोंदवावा लागतो आणि ते कोणालाच नको असते. माझी मागणी तर अवघ्या चार महिन्यांची. मतदार यादीत मी नाही, आरडब्ल्यूएची सभासद होऊ शकत नाही, नगरसेवकाला माझे देणेघेणे नाही. शिकण्यासाठी, नोकरीसाठी, घरच्या रुग्णाच्या उपचारांसाठी काही महिने दुसऱ्या शहरात राहणाऱ्या असंख्य भारतीयांची हीच अवस्था असते. कुत्र्यांमुळे ती मला जरा अधिक लवकर जाणवली, इतकेच.

सप्टेंबरच्या त्या दहा दिवसांत मी कुत्र्यांना भोपाळमध्ये एका मैत्रिणीकडे ठेवून एकटीच फिरले. वसंत कुंज मला मनापासून आवडले होते. डीडीएने बांधलेल्या त्या सदनिकांच्या गटांत मधोमध हिरवळीचे तुकडे आहेत, तळमजल्याला अंगण आहे आणि संजय वनाचे काटेरी जंगल जवळ आहे. बादलसाठी याहून बरी जागा नव्हती. पण अभिलेखागारापर्यंतची जाण्यायेण्याची वेळ मोजली तर दोन्ही कुत्री दिवसाचे नऊ तास कोंडलेली राहिली असती. द्वारकेचे रुंद रस्ते याच कारणाने बाद झाले. ग्रेटर कैलाशातील एका बरसातीची गच्ची इतकी सुंदर होती, की मी क्षणभर पायऱ्या मोजायचे विसरले. त्या 58 होत्या.

चित्तरंजन पार्कात मी दोन दिवस घालवले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी वसलेल्या या वसाहतीत माणसे प्राण्यांविषयी उदार आहेत, असे मला सांगण्यात आले होते आणि त्यात तथ्य आहे. जहांपनाहचे नगरवन जवळच आहे. पण जे घर परवडत होते ते मासळी बाजाराच्या अगदी मागे. मासळी बाजारामागची कुत्री धष्टपुष्ट, आत्मविश्वासू आणि संख्येने बरीच असतात. त्यांच्या राज्यातून इमलीला दिवसातून तीनदा न्यायचे म्हणजे रोज तीन वेळा परराष्ट्र धोरण आखण्यासारखे झाले असते.

येथे थोडे थांबून रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी लिहिले पाहिजे, कारण मोहल्ला निवडताना शेवटी निर्णायक ठरली ती तीच. 28 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील सहा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूच्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. 11 ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने राजधानी परिसरातील भटकी कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवावीत आणि पुन्हा रस्त्यावर सोडू नयेत, असा आदेश दिला. देशभर गदारोळ झाला. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री होती तिथेच सोडावीत, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, खायला घालणे रस्त्यात नव्हे, तर प्रत्येक प्रभागात ठरवून दिलेल्या जागीच व्हावे. या दोन आदेशांच्या मधल्या अकरा दिवसांत माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी गल्लीतली कुत्री घरात घेतली. एका कुटुंबाने गल्ली सोडली.

मी श्वानप्रेमी आहे म्हणून भीती बाळगणाऱ्यांना निर्दय ठरवणार नाही. 2024 मध्ये देशात कुत्र्यांच्या चाव्याच्या 37 लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या, हे सरकारने संसदेत सांगितलेले आहे. पहाटे कामावर निघालेला सफाई कामगार, शाळेला चालत जाणारे मूल, सायकलवरून वस्तू पोहोचवणारा तरुण ही त्या आकड्यातील माणसे. मोटारीतून फिरणारे त्यात क्वचितच सापडतात. पण 'होती तिथेच सोडा' हे तत्त्व भूतदयेपोटी आलेले नाही, ते कुत्र्याच्या स्वभावातून आले आहे. कुत्रा हद्द धरून राहतो. नसबंदी झालेली, लस टोचलेली, माणसांना ओळखणारी सहा कुत्री एका गल्लीत असतील तर ती सातव्याला शिरू देत नाहीत. ती उचलून नेली की मोकळ्या झालेल्या जागेत बाहेरची येतात, जिथे कचरा आहे तिथे तर नक्कीच. 2001 चे आणि नंतर 2023 चे प्राणी जन्मनियंत्रण नियम याच समजुतीवर उभे आहेत. ते अपुरे पडले याचे कारण समजूत चुकीची होती हे नव्हे. नसबंदीचे काम कुठे दहा कुत्र्यांवर, कुठे तीनांवर झाले आणि मग निधी संपला. अर्ध्यावर सोडलेल्या नसबंदीने संख्या घटत नाही.

मग मी एक साधी पद्धत ठरवली. घर पसंत पडले, तर त्या गल्लीत एकदा पहाटे सहाला आणि एकदा रात्री अकराला जायचे. आधी ढलाव पाहायचा. ढलाव म्हणजे दिल्लीतील कचरा साठवण्याची ती तीन भिंतींची, बहुधा भरून वाहणारी जागा. तो रोज उचलला जातो की तीन दिवसांनी, हे वासावरून कळते. मग कुत्री मोजायची आणि त्यांचे कान पाहायचे. किती कानांना खाच आहे? पिल्ले आहेत का? सप्टेंबरात दूध पिणारी पिल्ले दिसली, तर त्या प्रभागातील नसबंदीविषयी अधिक चौकशीची गरज उरत नाही. शेवटी चौकीदाराला विचारायचे, की यांना खायला कोण घालते. ज्या गल्लीत या प्रश्नाला एका माणसाचे नाव उत्तर म्हणून मिळते, ती गल्ली चांगली. "सब डाल देते हैं" असे उत्तर आले, तर पुढे निघायचे.

अशाने मी तीन वसाहती बाद केल्या. त्यातील एक फार श्रीमंत होती. तिच्या उद्यानात सकाळी सातला उत्तम जातींची नऊ कुत्री फिरत होती आणि एकाही पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मालक नव्हता. झारखंड, बंगाल, बुंदेलखंडातून आलेली पोरे महिन्याच्या पगारावर त्यांना फिरवत होती. मी बाकावर बसले होते. तेवढ्यात सातआठ वर्षांचा एक मुलगा झोपाळ्याकडे गेला आणि रखवालदाराने त्याला हाकलले. कुणा मोलकरणीचा मुलगा असावा. त्याच्या शेजारून एक सायबेरियन हस्की निवांत गेला. त्या वसाहतीत मला घर मिळत होते, कुत्र्यांसह, अनामतही माफक होती. मी तेथून निघाले ते नीतिमत्तेच्या उमाळ्याने, असे म्हणण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात भाडेही परवडण्यासारखे नव्हते. पण तो मुलगा डोळ्यांपुढून गेला नाही. मे 2022 मध्ये दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये एका ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्याला कुत्रा फिरवता यावा म्हणून खेळाडूंना लवकर बाहेर काढले जात असल्याची बातमी आली, तेव्हा अधिकाऱ्याची लडाखला आणि त्याच्या अधिकारी पत्नीची अरुणाचल प्रदेशला बदली झाली. देशाने समाधानाचा श्वास सोडला. लडाख आणि अरुणाचल ही शिक्षेची ठिकाणे कशी, हा प्रश्न तेथील लोकांनी विचारला तो मात्र फारसा ऐकला गेला नाही. मोकळ्या जागेवर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्नही बदलीबरोबरच फायलीत गेला. वसाहतींच्या उद्यानांत तो रोज सकाळी उभा असतो.

अखेर घर मिळाले ते जंगपुरा एक्स्टेंशनमध्ये. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या कुटुंबांनी वसवलेल्या वसाहतींपैकी ही एक. जुनी घरे पाडून चार मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत, मोटारींनी गल्ल्या भरल्या आहेत, शेजारच्या भोगलच्या बाजाराचा गोंगाट आहे. पण घरांच्या रांगांमध्ये लहान लहान चौकोनी उद्याने टिकून आहेत आणि मेट्रोच्या जांभळ्या मार्गाने जनपथ थेट गाठता येते. मी पाहिलेले घर तळमजल्यावरचे, दोन खोल्यांचे, थोडे अंधारे. ढलाव दोन गल्ल्या पलीकडे आणि सकाळी नऊपर्यंत रिकामा. कुत्री सहा, खाच असलेले कान सहा. चौकीदाराने नाव सांगितले नाही, पण बोट दाखवले: कोपऱ्यावरच्या घरातल्या आंटीजी, रात्री दहाला, ट्रान्सफॉर्मरच्या मागे.

घरमालक वरच्या मजल्यावर राहतात. वय ऐंशीच्या पुढे, शिक्षक होते. त्यांनी माझे कायद्याचे कागद पाहिले नाहीत. कुत्र्यांचे फोटो पाहिले आणि एकच विचारले, "रात को भौंकते हैं?" मी खरे ते सांगितले, की बादल भुंकत नाही आणि इमली कधी कधी भुंकते. त्यांनी एक महिन्याची जादा अनामत मागितली, भिंतींना नखे लागली तर रंगाचा खर्च माझा असे करारात लिहिले आणि पोलिस पडताळणीच्या अर्जावर सही करून दिली. जाता जाता म्हणाले, की त्यांचे वडील लायलपूरहून निघाले तेव्हा त्यांचा कुत्रा मागे राहिला होता. मी पुढे विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

इमलीला मी एकदम गल्लीत उतरवले नाही. पहिले आठ दिवस आंटीजींच्या सांगण्यावरून ती रात्री दहाला लांबून, पट्ट्याने, गल्लीतल्या सहांचे जेवण पाहत उभी राहिली. नवव्या दिवशी काळू नावाचा त्यांचा म्होरक्या जवळ येऊन तिला हुंगून गेला. एवढे पुरले. बादलकडे कोणी लक्ष दिले नाही. म्हाताऱ्यांकडे कुत्रीही देत नाहीत. महापालिकेच्या नोंदणीसाठी दोघांची रेबीज लसीची प्रमाणपत्रे लागली, ती होतीच. चार महिन्यांसाठी कशाला, असे दलाल म्हणाला. इमलीच्या पट्ट्यावर नोंदणी क्रमांक आणि माझा फोन नंबर लटकवल्यावरच मला नीट झोप लागली.

घरकामाला येणाऱ्या बाई पहिल्या दिवशी उंबऱ्यातच थांबल्या. "दीदी, पहले उसको बाँधो।" गेल्या वर्षी त्यांच्या मुलाला भोगलकडे जाताना कुत्रा चावला होता. सरकारी रुग्णालयात इंजेक्शनांच्या फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीला त्यांचा कामाचा दिवस बुडाला. एका घरी त्यामुळे काम सुटले. आता त्या येतात त्या वेळी मी इमलीला आतल्या खोलीत ठेवते. तीन आठवडे झाले. त्या बादलच्या डोक्यावरून हात फिरवतात, इमलीच्या नाही. मी त्यांना समजावण्याच्या भानगडीत पडलेले नाही.

हवेचा अंदाज मात्र साफ चुकला. फटाके टाळून आलो आणि नोव्हेंबरच्या धुरक्यात सापडलो. कुत्र्याचे नाक जमिनीपासून वीतभर असते आणि पहाटेची हवा सर्वांत वाईट. बादलला धाप लागू लागली, तसे पशुवैद्याच्या सल्ल्याने फिरण्याची वेळ दुपारी दोनवर नेली. त्यासाठी अभिलेखागारातून अर्ध्या दिवसाने परतावे लागते. पुस्तकाचे काम त्या हिशेबाने मागे पडले आहे.

7 नोव्हेंबरला न्यायालयाचा आणखी एक आदेश आला. शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतील कुत्री हलवावीत आणि नसबंदीनंतरही तेथे परत सोडू नयेत. आमच्या गल्लीच्या टोकाला एक प्राथमिक शाळा आहे आणि काळू तिच्या फाटकाबाहेरच्या पायरीवर झोपतो. पायरी आवारात मोडते की रस्त्यात, यावर उद्यानातल्या बाकावर दोन संध्याकाळी चर्चा झाली. माझ्या घरमालकांचे मत पडले, की मुलांच्या वाटेवर कुत्रा नको, मग पायरी कोणाचीही असो. आंटीजींना ते पटले नाही, पण गाडी येण्याची वाट पाहण्यापेक्षा काळूलाच हलवलेले बरे, हे त्यांनी मान्य केले. त्याचे गोणपाट उचलून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, इस्त्रीवाल्याच्या टपरीखाली घातले. जेवणाची जागाही तिकडे नेली. इस्त्रीवाल्याची हरकत नव्हती.

काळू रात्री तिकडे जेवतो. इमलीला घेऊन मी साडेअकराला शेवटची फेरी मारते, तेव्हा गोणपाट तोंडात धरून तो शाळेच्या दिशेने निघालेला असतो. सकाळी साडेसातला पहिली मुले येण्याआधी इस्त्रीवाला ते परत आणतो.